शेवटच्या घराची अर्जी

"आणि आठ दिवसांत ह्यांचं बिऱ्हाड गल्लीभाईर काढावं, न्हाय तर आम्ही रस्त्यावर बसू, असं लिवा आक्का!" मी ओरडत होतो.

ओरडण्यात राग थोडा आणि सवय जास्त. पिठाच्या गिरणीवाल्याला हळू बोलता येत नाही. निपाणीतली माझी चक्की सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाशीही तो संकेश्वरात उभा आहे असं समजून बोलावं लागतं. आमच्या लग्नात मी बायकोच्या कानात तिचं नाव घेतलं, ते ऐकून मांडवाबाहेरची बैलं दावणीला हिसके देत होती.

आक्का गव्हाच्या पोत्यावर पाट ठेवून लिहीत होती. पन्नाशीची बाई, घट्ट बुचडा, चष्म्याला काळी दोरी. दर मंगळवारी सकाळी दहा किलो शाळूची ज्वारी घेऊन यायची आणि दळण होईस्तोवर बाकड्यावर बसून बायकांचे कन्नड फॉर्म भरून द्यायची. विडी वळणाऱ्या बायका, पेन्शनच्या म्हाताऱ्या, कुणाचा गॅस, कुणाचं बँकेचं पुस्तक. मी तिला पलीकडच्या गल्लीतली रिटायर मास्तरीण समजत होतो. मला जे वाटतं ते खरंच असतं, असं मला कायम वाटत आलेलं आहे.

तक्रार होती आमच्या गल्लीच्या शेवटच्या घराबद्दल. तिथं धंदा करणाऱ्या बायका पाच वर्षं भाड्यानं राहतात, आणि त्यांना आता घालवायलाच हवं, हे आम्हा पाच कर्त्या पुरुषांना मारुतीच्या कट्ट्यावर एकदम समजलं. मी त्यांना उद्देशून तिथं जे शब्द वापरले ते ऐकून मारुतीनंही तोंड फिरवलं असेल. अर्जी द्यायची ठरली. अर्जी कन्नडात द्या, असं कचेरीत सांगितलं, आणि पाचही कर्ते पुरुष एकमेकांच्या चपला बघायला लागले. कन्नड आम्ही बोलतो फाडफाड. बाजारात भांडताना तर मराठीपेक्षा जोरात. पण वाचणार नाही. हा आमचा सीमाभागाचा बाणा. सीमाप्रश्नापायी मी हिंडलग्याच्या तुरुंगात सहा महिने काढले आहेत, असं मी सांगतो. खरं म्हणजे आम्हाला व्हॅनमधून फाटकापर्यंत नेलं, दुपारी भात-आमटी दिली आणि चार वाजता सोडलं. आमटी बरी होती.

तर बाणा टिकवायचा, अर्जीही द्यायची, म्हणून मी आक्काला गाठलं.

"बायका किती लिवू?" तिनं मान वर न करता विचारलं.

मी म्हणालो, तीन.

"चार हाईत. लिवायचं तर बरूबर लिवावं."

"तुमास्नी काय ठावं?"

"चौथी मीच की अण्णा."

मी चक्की बंद केली. कशाला बंद केली ते मला आजही सांगता येणार नाही. हात आपोआप गेला. बाकड्यावर सात बायका डबे धरून बसल्या होत्या. इतकी शांतता झाली की डब्यातल्या गव्हात किडा सरकला असता तरी ऐकू आला असता. आणि तेव्हा मला कळलं, मघापासून मी जे मोठ्यानं सांगत होतो ते या साती जणींनी ऐकलं होतं, आणि आक्काच्या बोलण्यावर त्यांच्यातली एकही दचकलेली नव्हती. आक्का कुठं राहते हे सगळ्यांना माहीत होतं. एक मी सोडून.

आक्कानं शेवटची ओळ पुरी केली, कागद फुंकून पीठ उडवलं आणि पेन माझ्यापुढं धरलं. "सही करा."

चष्मा घरी राहिलाय, असं मी पुटपुटलो.

"सहीला चष्मा कशाला? असला तरी कुठं वाचणार हाय तुम्ही?"

मी विचारलं, मग हे लिहिलंत तरी का? ती म्हणाली, मी नाही लिहिलं तर दुसरा कुणी लिहील, आणि तो आपल्या पदरचं घालेल. "मागल्या गावात अर्जीत आठ दिवस लिवलं हुतं. तिसऱ्या दिवशी भांडी गटारीत होती." एवढं बोलून तिनं बिनसहीची अर्जी पोत्यावर ठेवली, डब्याचं झाकण लावलं आणि मागच्या रस्त्यानं निघून गेली. त्या घराचं मागचं दार तिकडं उघडतं. पाच वर्षं ती तिकडूनच येत होती आणि मी समोरच्या दारावर पाळत ठेवून होतो.

इथं मला गिरणीतली एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक दळणानंतर चक्कीत मूठभर पीठ राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणून आमच्याकडं बायका आधी विचारतात, आता कुणाचं दळलं, काय दळलं. गव्हावर ज्वारी चालत नाही, आणि उपवासाच्या भगरीला चक्की झाडून पुसून लागते. या शास्त्राला धरून मी एक नियम केला होता: त्या घरचं दळण आलं तर सगळ्यात शेवटी, चक्की बंद करायच्या आधी. हा नियम मी पाच वर्षं इतका कडक पाळला की कोल्हापूरपर्यंत सांगत सुटलो. आणि त्याच पाच वर्षांत दर मंगळवारी मी स्वतः, 'मास्तरीणबाई, तुमी म्होरं या', म्हणून तिचा शाळू पहिला ओतत होतो. म्हणजे तिची मूठ पुढच्याच्या डब्यात, त्याची त्याच्या पुढच्याच्या. हिशेब केला तर निम्म्या निपाणीनं ती भाकरी खाल्ली होती, आणि ढेकर देऊन खाल्ली होती.

घरी गेलो. बायकोला ही बातमी आधीच पोचली होती. आमच्या गल्लीत बातमीला पाय नसतात, मोटारसायकल असते. मी म्हणालो, तुला माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुमी कधी तोंड मिटलासा तर सांगायचं." मग तिनं सांगितलं, तिच्या सासूची, म्हणजे माझ्या आईची, विधवा पेन्शन दोन वर्षं अडकली होती, ती आक्काच्या फॉर्मनं सुटली. ती पेन्शन माझ्या ओळखीनं सुटली म्हणून मी गल्लीला पेढे वाटले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर बायको हे वाचून हसेल. लागली. पण सकाळी उठलो तो मोठा समाजसुधारक होऊनच. आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि शेवटच्या घराच्या पुढच्या दारावर जाऊन उभा राहिलो. आक्काला म्हणालो, मागचं सगळं विसरा, मी तुम्हा चौघींचा उद्धार करणार. गिरणीत कामाला या, नाही तर शिलाई मशीन घेऊन देतो.

आतून कुणीतरी फसकन हसलं. आक्का म्हणाली, "तीन हाईत मशीनी. प्रत्येक इलेक्शनला एक येतीया. एकीवर आम्ही पापड वाळवतो."

मग ती उंबऱ्यावर बसली आणि मला समोरच्या पायरीवर बसवलं. काम माझं मी बघते, ते चांगलं की वाईट ते मी विचारल्याशिवाय तुम्ही सांगू नका, असं ती म्हणाली. मला पाहिजे तो रहिवासी दाखला. तो नाही म्हणून रेशन नाही, मतदान नाही, आणि कुणीही उठतो, 'तुम्ही हितल्या न्हाय' म्हणून भांडी फेकतो. दाखल्याला दोन शेजाऱ्यांचा जबाब लागतो. पाच वर्षांत फॉर्म भरून घ्यायला सगळे आले, जबाब द्यायला कुणी नाही.

"तुमी कितींदा इचारलंसा?"

"तुमच्या गिरणीत दोनदा. चक्की चालू हुती."

सोमवारी गेलो. मी, बायको आणि आक्का. कचेरीच्या पायरीवर आमचे चार कर्ते पुरुष मी अर्जी आणणार म्हणून दाढी करून बसले होते. मी म्हणालो, अर्जी फाडली, जबाब द्यायला आलोय. एक जण म्हणाला, "तुझ्या पिठात काय मिसळलं काय रं?"

"तुझ्याबी मिसळलंय," मी म्हणालो. "पाच वर्षं मंगळवारी हिच्यामागं तुझंच दळण असतंय. भाकरी लई गोड लागती म्हणतुयास ती कुठली?"

तो आपल्या पोटाकडं बघत राहिला. तेवढ्यात आम्ही आत गेलो.

आत क्लार्कनं विचारलं, बाई काय काम करतात? मला एकदम मोठी कल्पना सुचली. मी सुरू केलं, मास्तरीण होत्या साहेब, आता शिवणकाम, शिवाय मसाले...

"धंदा करतो साहेब," आक्का म्हणाली. "लिवायचं तर त्येच लिवा."

क्लार्कनं कागद उलटा केला, सुलटा केला. "कामाचं काय इचारलेलंच न्हाय ह्यात. कुठं राहता, तेवढंच."

खोटं बोलायचं कारणच नव्हतं, आणि मी तिच्या देखत तिचंच काम लपवायला निघालो होतो. मग मी जबाबाचा कागद आक्कापुढं सरकवला आणि जन्मात पहिल्यांदा म्हणालो, सही करायच्या आधी वाचून दाखवा. ती बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेली, मी ऐकत गेलो: ही बाई पाच वर्षं माझ्या गल्लीत राहते, मी तिला ओळखतो. यातलं दुसरं वाक्य सहा दिवसांचंच जुनं होतं. मी मराठीत सही केली. खाली बायकोनं केली, माझ्यापेक्षा मोठी.

एवढ्यावर गप्प बसेन तर मी गिरणीवाला कसला. उभा राहिलो आणि माणसाला राहायचा हक्क या विषयावर भाषण ठोकलं. दीड तास झालं असेल. बायको म्हणते चार मिनिटं. पंखा थांबला, पलीकडच्या टेबलावरचा साहेब उठून दारात आला, आणि जमिनीच्या उताऱ्याच्या कामाला आलेला एक म्हातारा डोळे पुसत होता. त्याला मोतीबिंदू असेलही.

बाहेर आलो तेव्हा छाती पिंपाएवढी झाली होती. मी आक्काला विचारलं, मग, कसं बोललो?

"तुमच्या आधारची झेरॉक्स जोडायची राहिली," आक्का म्हणाली. "उद्या साडेधाला परत यायला लागतंय."