पश्चिमेच्या भिंतीलगतची लाल गाडी

लाल गाडी घ्यावी का, तिचा रंग लवकर उडतो का, हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला. पिंपरीकडच्या एका कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत रंगखात्यात होतो. कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणाच्याही गाडीला ओरखडा उठला की आधी माझ्या दाराची बेल वाजायची. मी उत्तर द्यायचो ते खरंच असायचं. हो, लाल उडतो. ऊन सगळ्याच रंगांना लागतं, पण लाल रंगातलं द्रव्य उन्हातला जास्त ताकदीचा भाग स्वतःत ओढून घेतं आणि त्यानंच तुटत जातं. त्या काळातल्या साध्या लाल रंगावर बहुतेक वेळा वरचा पारदर्शक थरही नसायचा. आधी टप जातो, मग बॉनेट, मग डिकी. दारं बराच काळ लाल राहतात, त्यामुळे टप आणखीच फिका दिसतो. पुढे पुढे फडकं फिरवलं की फडक्याला गुलाबी भुकटी लागते.

हे सगळं मी आमच्या समोरच्या शेजाऱ्यांना नीट समजावून सांगितलं होतं. जे सांगितलं नाही ते आता लिहितो आहे.

हे शेजारी मूळचे अमरावतीकडचे. ते सरकारी खात्यात इंजिनिअर, वहिनी शाळेत गणित शिकवायच्या, आणि एक मुलगी. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून ते मला ‘सेक्रेटरी’ अशीच हाक मारायचे. मी त्यांना ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणायचो. दोन्हींत थोडी थट्टा होती. कुटुंब बौद्ध, त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलेली. दर दसऱ्याला तिघंही दीक्षाभूमीवर जायची आणि जाताना घराची किल्ली आमच्याकडे ठेवायची. कुंड्यांना पाणी घालणं आणि दूधवाल्याला परत पाठवणं ही कामं माझी.

आमची इमारत उभी राहिली तेव्हा प्रत्येकाकडे फार तर एक स्कूटर असायची. बिल्डरनं इमारतीखाली जी जागा सोडली ती त्या हिशेबानं. नव्वदनंतर सगळंच बदललं. बँका आपण होऊन कर्ज द्यायला लागल्या, शोरूम निघाल्या, आणि बघता बघता आमच्याकडे सहा गाड्या झाल्या. समोरच्यांची गाडी लाल होती. शोरूममधल्या मुलानं पांढरी सुचवली होती, विकताना बरी किंमत येते म्हणून. वहिनी त्याला म्हणाल्या, “अहो, मी गाडी विकायला घेतेय का?” गाडी आणली त्या दिवशी त्या आधी एकट्याच खाली जाऊन तिच्याभोवती फिरून आल्या. मी गॅलरीतून पाहिलं होतं. माझी गाडी पांढरी होती.

छताखाली जागा पाचच होत्या. सहावी उघड्यावर, पश्चिमेच्या भिंतीलगत. तिथे दुपारी ऊन आलं की मावळेपर्यंत हटत नाही. चिठ्ठ्या टाकून जागा वाटायचं कमिटीत ठरलं. तारीख ठरवायचं काम माझं होतं, आणि मी दसऱ्याची सकाळ ठरवली. “त्या दिवशी सगळे घरी असतात, गाड्यांना हार घालायला खाली येतातच, पाच मिनिटांत उरकेल,” असं मी सांगितलं. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. नोटीस मी फळ्यावर लावली ती समोरचे रिक्षात बसून स्टेशनला गेल्यावर. दसऱ्याच्या सकाळी त्यांच्या घराची किल्ली आमच्या फ्रीजवरच्या वाटीत होती. त्यामुळे मी विसरलो होतो असं मला म्हणता येत नाही.

आमची ही तेवढं म्हणाली होती, “ते आल्यावर नाही का करता येणार?”

“सोसायटीच्या कामात तू पडू नकोस,” मी म्हणालो. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही, ना त्या दिवशी, ना नंतर कधी.

खाली जमल्यावर एकानं विचारलं, “समोरच्यांचं काय?”

“बोलणं झालंय माझं. कुठलीही चालेल म्हणाले. उघडी दिलीत तरी हरकत नाही.”

“मग प्रश्नच मिटला,” तो म्हणाला, आणि डब्यात फक्त छताखालच्या पाच जागांच्या चिठ्ठ्या पडल्या. माणसंही पाच. ही सोडत नव्हतीच. आतल्या पाचांतली कोणती कोणाला, एवढंच ठरायचं होतं. मला अगदी आतली, कोपऱ्यातली आली, जिथे वर्षभर उन्हाची तिरीपही येत नाही. पांढऱ्या रंगाला उन्हाचं फारसं काही होत नाही, हे त्या पाच जणांत मला एकट्याला ठाऊक होतं.

ते परत आले ते संत्रा बर्फीचा पुडा घेऊन. जिन्यातच भेटले.

“काय सेक्रेटरी, चिठ्ठ्या टाकल्या म्हणे. आमची कुठली?”

“उघडी आली हो तुमची. चिठ्ठी ती, काय करणार?”

“चला, कोणाला तरी यायचीच होती,” ते हसून म्हणाले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. “लाल रंगाचं काय होईल हो उन्हात?” त्यांनी मला विचारलं. तेव्हा मी जिन्यात उभा राहून रंगखात्यातला माणूस झालो.

माझा एकही सल्ला चुकीचा नव्हता. गाडी कपडे धुण्याच्या पावडरीनं धुवायची नाही, त्यानं तेलकटपणा जातो आणि रंग कोरडा पडतो. आधी नुसत्या पाण्यानं वरून खाली धूळ उतरवायची. कोरडं फडकं मारलं तर धूळच रंग घासते. कावळ्यांनी घाण केली तर लगेच ओल्या कापडानं उचलायची. दोन-तीन महिन्यांनी मेणाचं पॉलिश लावायचं. प्लास्टिकचं आवरण घालायचं नाही, आत वाफ धरते. कापडी घालायचं आणि तेही गाडी स्वच्छ व कोरडी असेल तेव्हाच. फिकी झालीच तर घासायच्या पॉलिशनं लाल रंग वर काढता येतो, पण त्यात दर वेळी रंगाचा पातळ पापुद्रा जातो, म्हणून ते जपून.

या सगळ्याच्या आधी येणारी, सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे सावली. ती मी सांगितली नाही.

त्यांनी माझा शब्द न् शब्द पाळला. रविवारी सकाळी ते आणि वहिनी दोन बादल्या घेऊन खाली असायचे. मी पेपर घेऊन गॅलरीत. “सेक्रेटरी, आज मेणाचा वार!” ते खालून ओरडायचे. काही वर्षं गाडी टिकली, त्यांच्या हातांमुळे. मग टपावर ढगासारखे पांढुरके डाग पडले. त्यांनी घासून काढले, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आले, पुन्हा घासले. शेवटी काही ठिकाणी खालचा करडा थर दिसायला लागला. ते मला खाली घेऊन गेले. मी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणालो, “लाल आहे ना, त्याचं असंच असतं.”

सोसायटीतली पोरं तिला ‘गुलाबी गाडी’ म्हणायला लागली. त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजला होती. एकदा ती फाटकाशी आईला म्हणत होती, “मला चौकातच सोड ना, कॉलेजपर्यंत नको.”  पुढे वहिनींनी रविवारी खाली येणं सोडलं. ते एकटेच धुवायचे. आणि सोसायटीत कोणी गाडीकडे पाहून काही बोललं की दुसरा कोणीतरी सांगायचा, “त्यांनी स्वतःच घेतली ती जागा, सेक्रेटरींना विचारा.” मी मान हलवायचो. म्हणजे समोरच्यांकरता ते नशीब होतं आणि बाकीच्यांकरता त्यांचा निष्काळजीपणा. दोन्ही मीच तयार केलं होतं. एकाची दुसऱ्याशी कधी गाठ पडली नाही, कारण मधे मी होतो.

निवृत्तीनंतर ते वारज्याला मोठ्या फ्लॅटमध्ये गेले. मुलगी आयटीत लागली होती, तिनंच घेतला. लाल गाडी जाताना भंगारवाल्याच्या भावात गेली. आमचा मुलगाही त्याच लाटेत अमेरिकेला गेला आणि तिथलाच झाला. मग आमची ही गेली. इमारतीतले जुने लोक एकेक करून मुलांकडे गेले किंवा वर गेले. त्यांच्या फ्लॅटमध्ये कंपन्यांतली मुलं-मुली भाड्यानं राहतात. ती लिफ्टमध्ये ‘गुड मॉर्निंग अंकल’ म्हणतात आणि पुन्हा फोनमध्ये बघतात. माझं नाव त्यांना ठाऊक नाही, मलाही त्यांचं नाही. दिवसभर बेल वाजत नाही. वाजली तर पार्सलवाल्याची, आणि तोही मजला चुकलेला असतो.

माझ्याकडे येणारा माणूस एकच उरला, तो म्हणजे इंजिनिअरसाहेब. वहिनी त्यांच्याबरोबर डबा पाठवायच्या, कधी वडा-भात, कधी पाटवडीची आमटी. ते बसायचे, औषधांच्या पट्ट्या तपासायचे, ट्यूब बदलायची असली तर स्टुलावर चढायचे. त्यांच्याखेरीज माझं कोणी नव्हतं आणि ते काही माहीत नसताना येतात याची मला लाज वाटायची. सांगितलं तर हेही जाईल, म्हणून सांगत नव्हतो. बरीच वर्षं मी हे असं चालवून घेतलं.

एकदा त्यांनी मला वारज्याला जेवायला नेलं. इमारतीच्या तळघरात गाडी लावली. नवी, राखाडी. मी सहज विचारलं, “पुन्हा लाल नाही घेतलीत?”

“तुम्हीच तर सांगितलं होतं, लाल टिकत नाही,” ते म्हणाले. “हिला अजून लालच आवडते. पण म्हटलं, नको तो व्याप.”

मी गाडीतून उतरलोच नाही. तिथेच बसून त्यांना सगळं सांगितलं. चिठ्ठी नव्हतीच, आणि मी बाकीच्यांना काय सांगितलं होतं, तेही.

ते स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होते. “तारीख तुम्ही ठरवली?”

“हो.”

“किल्ली तुमच्याकडेच होती ना तेव्हा आमची?”

“हो.”

“काहून?” ते म्हणाले. एरवी ते अगदी पुणेकरांसारखं ‘का’ म्हणायचे.

“सावली हवी होती. आणि वाटलं, तुम्ही काही बोलणार नाही.”

“आम्हीच बोलणार नाही, असं का वाटलं? बाकीचे चार होते की.”

याचं उत्तर मला ठाऊक होतं. जातीपातीचं माझ्या मनात कधी नव्हतं, असं मी नेहमी सांगत आलो. त्यांच्या घरी जेवलो, त्यांची किल्ली सांभाळली. पण सहा जणांतून ज्याचा दसरा धरला नाही तरी कोणी हरकत घेणार नाही असा एकजण मी निवडला, आणि निवडताना मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. त्या दिवशी मी हे बोललो नाही. 

“मला सांगून काय होणार?” ते म्हणाले. “आमची गाडी कुठे उभी होती ते मला माहीतच आहे. आम्हाला जागा नकोच होती असं ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा. आणि हिला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.”

जेवण झालं. वहिनींनी आग्रह करकरून वाढलं. मी काहीही न सांगता परत आलो.

सोसायटीची सभा झाली तेव्हा शेवटी मी उभा राहिलो. अध्यक्ष तिशीतला मुलगा. “काका, पार्किंगचा इश्यू आहे का? पण तुमची गाडी तर तुम्ही विकलीत ना?” दोघं-तिघं हसले. मी म्हणालो, जुनं आहे, पण ऐका. मी सगळं सांगितलं, दसऱ्यासकट, आणि या वेळी त्यांनाच का निवडलं तेसुद्धा.  एका मुलीनं विचारलं, “कोण होते हे? आत्ता राहतात का इथे?” नाही म्हटल्यावर अध्यक्ष म्हणाला, “ओके काका, थँक यू,” आणि सीसीटीव्हीचा विषय घेतला. त्या पाचांपैकी एकजण तेवढा हजर होता, माझ्याच वयाचा. जिन्यात काठी टेकत म्हणाला, “एका गाडीच्या रंगापायी एवढं? तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?” मी म्हणालो, नाही.

दुसऱ्या दिवशी वारज्याला गेलो. वहिनींनी दार उघडलं. “या, बसा, चहा टाकते.” मी म्हणालो, आधी ऐका. उभ्यानंच सांगितलं. त्या दाराला हात लावून उभ्या होत्या. मधे एकदाच बोलल्या, “पोरगी चौकात उतरायची.” मग आत गेल्या. इंजिनिअरसाहेब खुर्चीत होते, समोर पेपर धरलेला. आतून नळाचा आवाज येत राहिला. मी थोडा वेळ थांबलो. पुन्हा बसा असं कोणी म्हणालं नाही, म्हणून निघालो.

त्यानंतर डबा आला नाही, तेही आले नाहीत. ट्यूब गेली आहे ती तशीच आहे.

हे लिहून झाल्यावर मी त्यांना फोन केला. छापायला देतोय, तुमची हरकत असेल तर फाडून टाकतो, म्हणालो. ते फोन हातात धरून आत कोणाशी तरी बोलले. मग म्हणाले, “ती म्हणते, फाडू नका. नावं मात्र घालू नका. आमचंही नको आणि तुमचंही नको. बाकी जसं झालं तसं.” मी ‘बरं’ म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.