डोळे आखण्याआधीचा फोटो

शालिनीताई दामले यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या हातात सासूबाईंनी दिलेला पाट होता. मी अमरावतीहून लग्न होऊन भोपाळला, शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, नुकतीच आले होते. गणपती करणाऱ्यांकडे आपल्या घरचा पाट विडा-सुपारीसह नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावर आपली मूर्ती घडवून घ्यायची, ही कोकणातली रीत मला तोवर माहीत नव्हती. जवाहर चौकाच्या मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये शाडूच्या मूर्ती मांडलेल्या होत्या. एक अगदी पुरी झालेली दिसली, म्हणून मी हौसेनं फोन वर केला. तोच ताईंनी मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला.

"डोळे आखून झालेत हो त्याचे. आता तो कुलकर्ण्यांचा. आधी घरच्यांनी बघायचं, मग जगानं," त्या म्हणाल्या. खरं सांगते, मला रागच आला. एवढं काय त्यात! पण लगेच त्यांनी चहा विचारला, माहेरची चौकशी केली आणि निघताना "उद्या येऊन माती मळून बघ, जमेल तुला" असंही म्हणाल्या. मी गेले आणि आजतागायत जातेच आहे.

ताईंचे यजमान इथल्याच बरखेड्याच्या कारखान्यात तंत्रज्ञ होते, तेव्हापासून ताई मूर्ती करतात. पूर्वी बरखेड्याच्या क्वार्टरांतून रांगेनं पाट यायचे. पुढे माणसं निवृत्त होऊन गावी परतली, मुलं दुसऱ्या शहरांत गेली, बाजारात चकचकीत तयार मूर्ती आल्या आणि ताईंकडचे पाट घटत गेले. एके वर्षी त्या शांतपणे म्हणाल्या, "यंदाचे झाले की शेड सोडावी म्हणते." मी तेव्हा वेबसाइट करून देणाऱ्या कंपनीत नोकरी करत होते. म्हटलं, ताई, मला एक हंगाम द्या, आपल्या मूर्तींची वेबसाइट करून बघते.

त्यांनी हो म्हटलं, पण दोन गोष्टी बजावल्या. डोळे आखल्यावर मूर्तीचा फोटो कुठेही टाकायचा नाही आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नावानं उत्तर द्यायचं. मी कपाळावर हात मारला. चेहरा न दाखवता गणपती कोण घेईल? निदान उत्तरं तरी आपोआप जातील असं करू या, आमच्याकडे सगळे तसंच करतात, असं मी सुचवलं. ताई म्हणाल्या, "दारात आलेल्या माणसापुढे तू टेप लावून ठेवतेस का गं?"

मग वेबसाइटच्या आमच्या पानावर सोंड, मोदक धरलेला हात, उंदराचे कान आणि डोळ्यांवाचूनचे चेहरे दिसू लागले. ज्याचा पाट त्याला व्हॉट्सॲपवर निरोप जाई, "आज तुमचं काम पुढे घेतलं." लोकांना काही पटेना. एका तरुण मुलीनं तर लिहिलं, "आंटी, फायनल लुक तो दिखाइए!" ताईंनी स्वतः टाइप केलं, "नेहा बेटा, फायनल लुक आपके घर में दिखेगा. रुमाल आप ही हटाना." दुसऱ्या दिवशी ती मुलगी पाट घेऊन हजर! दुकानातून आणलेला नवाकोरा, किमतीची चिठ्ठीही तशीच चिकटलेली. ताईंनी ती पाण्यानं भिजवून काढली आणि विडा कसा ठेवायचा ते तिला दाखवलं.

चतुर्थीला नेहानं घरचा फोटो पाठवला, मग इतरांनीही. ताई प्रत्येकाला विचारून तो पानावर घेत. म्हणजे आमच्या वेबसाइटवर मूर्तीचा चेहरा दिसतो तो गिऱ्हाइकाच्या घरातला, मागे त्यांचे पडदे, बाजूला त्यांची माणसं. ते बघून नवे पाट येऊ लागले. कंपनीत आम्ही अशा जाहिरातीला मोठमोठी नावं देत होतो, ताईंनी त्यातलं एकही कधी ऐकलेलं नव्हतं.

बरखेड्याच्या जोशींचा एके वर्षी निरोप आला, "काकू, बाबा गेले. यंदा गणपती नाही." ताईंनी मूर्तीबद्दल अवाक्षरही न काढता त्यांच्याकडे पिठलं-भात पोहोचवला. पुढच्या हंगामातला पहिला निरोप जोशींना गेला, "तुमचा पाट पुसून ठेवलाय. घाई नाही."

मागच्या वर्षी मात्र ऐन हंगामात ताईंना एकाच्या दोन रेघा दिसू लागल्या. मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशन चतुर्थीच्या जरा आधीच ठरवलं. मूर्ती घडवून झाल्या होत्या, डोळे राहिले होते. "तू आख," ताई म्हणाल्या. मी माती मळते, रंग देते, पण डोळे? म्हटलं, बरं, पण कुणाला सांगू नका. कुणाला काय कळणार आहे?

ताई मजकूर सांगत गेल्या, मी माझ्या फोनवर टाइप केला. "यंदा मला नीट दिसत नाही. मूर्ती मी घडवल्या आहेत, डोळे माझी शिष्या आखणार आहे. तिची ही पहिलीच वेळ आहे. ज्यांना नको वाटेल त्यांनी मोकळेपणानं पाट परत न्यावा." तो मी पानावर टाकला. सगळे पाट परत गेले असते तर शेड कायमची बंद झाली असती, तीही माझ्यापायी.

एका घरानं पाट नेला. ताईंनी तो पुसून, वर विडा ठेवून दिला. बाकी कुणी आलं नाही, उत्तरं आली. नेहानं लिहिलं, "हमारा पाट वहीं रहेगा. दीदी से कहिए, घबराएँ नहीं." जोशींनी लिहिलं, "आमचा पहिला आखा. बिघडला तर घरचाच बिघडेल." ते वाचून मी शेडमध्येच रडले आणि मग कुंचला उचलला.

ऑपरेशननंतर धुळीत जायला मनाई, म्हणून ताई घरीच होत्या. मी डोळे आखले की लगेच मूर्तीवर रुमाल पडत होता, ताईंनी एकही पाहिली नाही. चतुर्थीला मी त्यांच्याजवळ बसले. घराघरांतून फोटो येऊ लागले. पहिला जोशींचा. काळा चष्मा कपाळावर सरकवून ताईंनी फोन जवळ धरला. कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"डावा जरा वर गेलाय," त्या म्हणाल्या. माझा चेहरा पडला. तशी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, "पण बघतोय हो. घरातल्या सगळ्यांकडे बघतोय."

ताई, पंचाहत्तरीनिमित्त आम्हा सगळ्या पाटवाल्यांचा तुम्हाला नमस्कार. तुमचे हात असेच चालोत, दृष्टी अशीच निर्मळ राहो आणि शंभरीचा सोहळाही याच गल्लीत होवो. उद्या मी सासूबाईंचा पाट घेऊन येते आहे. आमच्या गणपतीचे डोळे यंदा तुम्हीच आखा. मी शेडच्या बाहेर थांबेन, रुमाल घरी गेल्यावर काढेन.