आतून आलेले तीन ठोके

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवते मी. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. म्हणून तर हे लिहायला इतके दिवस लागले...

कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात, उसाचे डबे ओढणारं छोट्या रुळांवरचं वाफेचं इंजिन कित्येक वर्षं गंजत पडलं होतं. ते पुन्हा चालवायचं आम्ही काही जणांनी मनावर घेतलं. कारखान्याची अट एकच – बॉयलर पहिल्याच तपासणीत पास व्हायला हवा, नाहीतर इंजिन भंगारात.

मदतीला तात्या, त्या इंजिनावरचे जुने फिटर. वय ऐंशीच्या पुढं, कान पार गेलेले, जीभ मात्र शाबूत. "पोरी, हातोडी धरलीय का लाटनं?" हे रोजचंच.

"दौलत भट्टीत शिरायचा, मी भाईर," ते सांगायचे. "मी एक ठोका द्यायचा. आतून दोन आले की पुढं, तीन आले की थांब. उभी हयात आसंच काम केलं आमी." त्यांच्या या जोडीदाराला, दौलतमामांना, जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तपासणीला आठ दिवस उरले होते. भर दुपारी मी बाहेरून बॉयलरच्या भट्टीचे बोल्ट ठोकून बघत होते. चांगला बोल्ट खणकन वाजतो, तुटलेला बद्द. आदल्या आठवड्यात सगळे तपासून मी खडूने खुणाही केल्या होत्या, पण तात्या हटून बसले – "पुन्यांदा बघ." ऐकू येत नाही म्हणून ते पत्र्यावर तळहात टेकवून उभे.

तिसऱ्या ओळीत मी ठोका दिला. आणि आतून उत्तर आलं. एक... दोन... तीन.

तात्यांनी हात झटकन काढला. "कोन हाय आत?"

मी हातोडी टाकून भट्टीच्या दाराकडे धावले. दार उघडून टॉर्च मारला – भट्टी रिकामी. शेडमध्ये आम्ही दोघंच.

"तीन दिलेत. पुढं जायाचं न्हाई," तात्या म्हणाले.

कान लावून तोच बोल्ट पुन्हा ठोकला. बद्द! मीच पास केलेला बोल्ट आतून तुटलेला होता. तसाच राहता तर तपासणीत बॉयलर नापास झाला असता, आणि इंजिन माझ्या चुकीने भंगारात गेलं असतं. दोन दिवसांत तो बदलला. बॉयलर पास झाला.

उन्हाने पत्रा वाजतो, हे मीच वर्गात शिकवते. पण मोजून तीन? आणि नेमके तिथेच? तात्यांच्या हाताला जाणवतील इतके जोरात? कारण मला आजही सापडलेलं नाही.

भट्टी पेटवायच्या सकाळी तात्यांनी एक ठोका दिला, हात टेकवला, थांबले. मीही श्वास रोखून. काहीच आलं नाही.

मग ते हसले. "काम झालं ना. दौलत भाईर आला आसंल. वढ काडी!"

दुपारी इंजिन शिट्टी देत निघालं तेव्हा मी ढसाढसा रडले. आता दर वेळी पेटवण्याआधी मी एक ठोका देते, हात टेकवते, थांबते. आत कुणी नाही याची खात्री झाली, की मगच काडी ओढते.