मावशींच्या गालावरचा लाल फराटा

आपल्या चित्रकलेच्या ऑनलाइन कम्युनिटीतल्या मंडळींनो, ‘चित्रात चूक झाली तर राहू दे’ असं तुम्ही सगळे सांगता, त्याचा मला कायम संशय यायचा. ज्यांना चेहरा जमत नाही त्यांनी काढलेली ती पळवाट, असं वाटायचं.

आमच्या विरारच्या बिल्डिंगमध्ये अर्नाळ्याहून मासळी विकायला येणाऱ्या मावशींचं चित्र आज पुरं करत होते. पदराच्या जागी त्यांच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा चिकटवला. ओल्या गोंदात त्याचा रंग सुटला आणि रंगवलेल्या गालावर लाल फराटा उमटला.

तेवढ्यात मावशी दारात. चित्र बघून त्यांचा हात स्वतःच्या गालावर गेला.

"नवऱ्यानं मारलेलं कोनी सांगितलं गं तुला?"

"कोणीच नाही, मावशी. लुगड्याचा रंग पसरलाय. थांबा, वरून दुसरा लावते."

मी त्यांच्या पापलेटाचे कल्ले उघडून ताजं आहे का बघते ना, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नको लावू. त्याच्या जेवायच्या जागेसमोर टांगते."

आणि ओलंच चित्र टोपलीवर ठेवून घेऊन गेल्या.

रंग आपोआप पसरला, हे त्यांना अजिबात पटलेलं नाही. उद्या आल्या की परत समजावू, की राहू दे?