पलीकडच्या काकांची अमेरिका

अमेरिकेची राज्यघटना मनापासून पाळणारी घरं जगात किती असतील कोण जाणे, पण त्यातलं सगळ्यात कडक घर इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकमध्ये आहे. ते आमच्या पलीकडच्या काकांचं.

काका इथल्या हॉस्पिटलात भुलीचे डॉक्टर होते, आता निवृत्त. उभा जन्म इंग्लंडात गेला तरी पासपोर्ट भारताचाच. तो सोडायचा म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. मग हे अमेरिकेचं खूळ कुठून? तर त्यांची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी ह्यूस्टनला गेली आणि तिथेच रमली. आज ना उद्या ती बेसिंगस्टोकला परत येईल, अशी काकांची आशा. तिने मात्र तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज केला. त्या मुलाखतीत सरकारी कारभारावर प्रश्न विचारतात असं कळताच काकांनी फोनवरून तिची शिकवणी सुरू केली आणि सरावासाठी आम्हा शेजाऱ्यांना वेठीला धरलं.

त्यांच्याकडे चहा मिळतो, पण सिनेटर किती वर्षांसाठी निवडून येतो ते आधी सांगावं लागतं. श्रीखंड कुणी संपवलं, असं काकूंनी विचारलं तर ते शांतपणे म्हणतात, "फिफ्थ अमेंडमेंट. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही."

"अहो, वाटी तुमच्याच हातात आहे," काकू म्हणतात. मग काका वाटी निमूट खाली ठेवतात, कारण त्या घरातलं सुप्रीम कोर्ट काकू आहेत आणि तिथली नेमणूक तहहयात असते, हे त्यांना पाठ आहे.

एका दिवाळीला त्यांनी आम्हाला राष्ट्राध्यक्षाची निवडणूक शिकवली. उमेदवार दोन, लाडू आणि चिवडा. तीन खोल्या म्हणजे तीन राज्यं, माणसं सारखी वाटून बसवलेली. खोलीत ज्याला जास्त हात, ती अख्खी खोली त्याची. स्वयंपाकघर झाडून सगळं लाडवाचं, पण फ्रंट रूम आणि मागची काचेची कन्झर्व्हेटरी एकेका मताने चिवड्याकडे गेल्या. काकांनी चिवडा विजयी झाल्याचं जाहीर केलं आणि लाडवाचा डबा कपाटात ठेवून दिला.

"पण डॉक्टर, मेजॉरिटीला लाडू हवा होता," नागपूरचे एक पाहुणे कळवळून म्हणाले.

"एक्झॅक्टली," काका खूश झाले. "आता कळलं तुम्हाला."

मुलाखतीच्या आदल्या रविवारी मी त्यांच्याकडेच होतो. व्हिडिओ कॉलवर मुलगी धडाधड उत्तरं देत होती. शेवटी काकांनी विचारलं, "नागरिक होताना काय प्रॉमिस करावं लागतं?"

"इझी आहे बाबा. बाकीच्या कंट्रीजची लॉयल्टी सोडायची."

"करेक्ट," काका म्हणाले, आणि केटल लावायला उठले.

ती पास झाली. काका पेढे घेऊन आमच्या दारात आले. आता तिचं परत येणं काही खरं नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

"चांगलंच शिकवलं रे मी," ते म्हणाले. "दोन-चार उत्तरं चुकीची सांगायला हवी होती." आणि स्वतःच हसले.

मला काही हसू आलं नाही. मी त्यांना आत बोलावलं आणि विचारलं, "काका, सिनेटर किती वर्षांसाठी असतो?"

"राहू दे आज," ते म्हणाले. "नुसता चहा कर."