'हजर' कोण म्हणाले, हे तपासणाऱ्या मंगलाताई

मंगलाताई साबळे यांची पहिली भेट चाकणच्या आमच्या कारखान्यात झाली. "मी डिस्पॅचचा देशमुख," म्हणालो, तर ताईंनी आधी माझ्या गळ्यातले ओळखपत्र वाचले, मगच नमस्कार केला. राग आला होता. आज त्यांच्या साठीनिमित्त त्याच संशयी स्वभावाचे आभार मानायचे आहेत.

कारखान्याच्या संगणक-सेवांच्या, म्हणजे एकेक काम सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दाराशी ताईंनी गेटवे बसवला. आलेला निरोप कुठल्या सेवेकडे न्यायचा, हे तो पाही. सेवांची यंत्रे बदलत, म्हणून त्यात पत्ते लिहिलेले नव्हते, फक्त नावे. प्रत्येक सेवेने एका नोंदवहीत दर थोड्या वेळाने आपल्या नावाने 'हजर' म्हणायचे आणि गेटवेने तिथून ताजा पत्ता घ्यायचा. मला आपला शाळेचा वर्ग आठवे. खिडकीतले ऊन, हजेरी, मग एका सुरात कविता. आणि नुसतेच ओठ हलवणारा नेमका ओळखणाऱ्या आमच्या बाई.

पुढे डिस्पॅचमधल्या, माल घेऊन बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या नोंदी गायब होऊ लागल्या. त्या करणारे, तळेगावहून दुचाकीवर येणारे दत्ता गाडे यांच्यावर साऱ्यांचा संशय. सर्वांत मोठा आवाज माझा. त्यांना काढण्याचे पत्रही टाइप झाले होते.

"ताई, समद्या नोंदी केल्यात मी. इस्वासच न्हाई तर काय बोलायचं?"

"विश्वास माझा कुणावरच नाही, भाऊ. यादी द्या."

यादीवरून फिरणारे ताईंचे बोट थांबले. "एकाआड एक नोंद गेली आहे. माणूस इतक्या नेमाने चुकत नाही, देशमुख."

नोंदवहीत 'डिस्पॅच' नावाने दोघे हजर म्हणत होते. एक खरी सेवा, दुसरी सरावासाठी उभी केलेली तिची प्रत. गेटवे दोघांना आळीपाळीने निरोप देई. प्रत 'मिळाले' म्हणे आणि कुठेच लिहीत नसे. तिला ते नाव मीच दिले होते. दुसरे सुचले नव्हते, एवढेच.

ताईंनी प्रतीचे नाव बदलले आणि 'चालू' अशी खूण असलेल्या सेवेकडेच निरोप जावा, अशी अट गेटवेत घातली. पत्र फाडले गेले. अहवालात चूक आली, माझे नाव आले नाही. "गाडेंना तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "सांगितलंत का, ते मी त्यांनाच विचारणार."

मी सांगितले. गाडे शांतपणे म्हणाले, "म्हंजी साहेब, तुमचं बी एकाआड एकच खरं व्हय?" आणि चहा मागवला. ताईंनी दुसऱ्या दिवशी खरोखरच विचारले.

ताई, ठणठणीत प्रकृतीने पुढची कितीतरी वर्षे आमच्यात हजेरी लावत राहा. समारंभाला मी येतोच आहे. निवृत्त झालो, तरी ते जुने ओळखपत्र जपून ठेवले आहे. गळ्यात घालूनच येईन.