काळ्या शाईतली टोपी

मेलेल्या माणसांची चित्रं काढायला बसलं की किस्से आपोआप साचतात. जिवंत नातेवाइकांच्या कृपेनं!

कॉलेज सोडल्यापासून मी जिंतूरला काकांच्या फ्रेमच्या दुकानात बसतो. फोटो बघून शाईनं पोस्टकार्डाएवढं चित्र काढायचं. दुसरं काही मला येत नाही, हे काकांना पक्कं माहीत. "घरचे म्हणतील ते डोक्यावर चढवायचं. न्हाई जमलं तर घरी बस."

*

एकजण बापाचा आधार कार्डावरचा फोटो घेऊन आला. "फेटा चढवा."

"म्हातारा तर जन्मभर उघड्या डोक्यानं हिंडला!"

"मंग आता तरी इज्जतीत बसू द्या की!"

जिवंतपणी साधी टोपी घेऊन दिली नव्हती ह्यानं.

*

एक पुढारी स्वतःचंच चित्र काढून घ्यायला आले. नुकताच दुसऱ्यांदा पक्ष बदललेला. "टोपी घाल."

"साहेब, काळ्या शाईत टोपीचा रंग कळणार न्हाई."

"म्हणूनच तुझ्याकडं आलोय! लय दिवस चालंल."

*

पिंगळीचे एक रिटायर गुरुजी म्हणाले, "आमचा बाप पाटलाच्या दारावरून जाताना पटका काढून काखेत धरायचा. तू डोक्यावर काढ. घट्ट."

बाकावरचे एक पाटील हसले. "गुरुजी, जुनं कशाला उकरायलाव?"

मी म्हणालो, "मंग तुमी टोपी काढून घाम का पुसायलाव?"

काकांनी मला दंडाला धरून आत नेलं.

*

एक सासरा मेलेल्या सुनेचा फोटो घेऊन आला. "पदर खाली घे. कपाळ झाकंल एवढा."

फोटोत कपाळावर टाके होते. मी टाक्यांसकट काढलं.

काकांनी ते चित्र फाडलं, सासऱ्यापुढं हात जोडले. मला म्हणाले, "पुन्हा असं केलंस तर दुकानाची पायरी चढू नको!"

मी पदर ओढला. नोकरी टिकली. आणि त्या हरामखोरानं फ्रेमला सोनेरी पट्टी मागितली!

*

मागच्या महिन्यात काकांचा पोरगा सचिन येलदरी रोडवर मोटारसायकल घसरून गेला. तेराव्यानंतर काकांनी दुकान उघडलं आणि त्याचा लग्नातला फोटो माझ्यापुढं ठेवला.

"फेटा असाच ठेवू, काका?"

"फेटा नको."

त्यांनी पिशवीतून हेल्मेट काढलं. कोरं. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर.

"हे चढव."

"हे... घरी होतं?"

"खुंटीला."

मी दौत उघडली. "काका, तोंड झाकलं जाईल त्याचं."

काकांनी हेल्मेटची काच बोटानं वर ढकलली.

"अशी काढ. त्याच्या आईला डोळे दिसले पाहिजेत."